चौथ्या मजल्यावरची उत्तर दिशा

ज्या माणसाने चौतीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला त्याने वाट चुकू नये, असा कुठे कायदा नाही. पण दोल्नी यावोर्ना गावात तसा समज आहे, आणि समज हा कायद्याहून चिवट असतो. कायद्याला निदान पोटकलमं असतात.

त्यामुळे गेल्या ऑक्टोबरात ओताकार हाव्रानेक मास्तर धुक्यात वाट चुकले, ही गोष्ट गावाने पोटात घातली नाही. तसं पाहिलं तर धुक्यात कोणीही चुकतं. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या पाद्रीबुवांची गाडी धुक्यात सरळ माशांच्या तळ्यात गेली होती, आणि त्यांना तर वरून मार्गदर्शन असतं. पण पाद्रीबुवा एकटे होते. मास्तरांच्या मागे बावीस मुलं आणि पाच आया होत्या.

गावच्या पदभ्रमण मंडळाची शरद ऋतूतली पदयात्रा होती. मोठ्यांचे लांबचे मार्ग वेगळे. मुलांचा आठ किलोमीटरचा मार्ग गेली एकोणीस वर्षं मास्तरांकडे. चालायचं, पोचलं की कार्डावर शिक्का, हातात प्रमाणपत्र आणि दुसऱ्या हातात भाजलेलं सॉसेज. मास्तर नुसते चुकले असते तर लोक चार दिवस हसले असते आणि विसरले असते. पण ते चुकून पोचले ते शेजारच्या हुर्का गावाच्या पदयात्रेच्या शेवटच्या टेबलापाशी. त्यांचीही पदयात्रा नेमकी त्याच दिवशी. हुर्काकरांनी मोठ्या अगत्याने सत्तावीस जणांना सत्तावीस शिक्के मारले, सत्तावीस प्रमाणपत्रं दिली, मुलांना दोन-दोन सॉसेज दिली आणि सगळ्यांची नावं आपल्या वहीत लिहून घेतली. त्या वर्षी हुर्काच्या यात्रेत चारशे एक्केचाळीस माणसं चालली आणि यावोर्नाच्या यात्रेत चारशे तेवीस. सेहेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हुर्काकरांनी तो आकडा फलकावर लावला, आणि तो फलक बसथांब्याशेजारी आहे.

मुलं अर्थातच फार खूश होती. पुढच्या वर्षीही इकडेच यायचं का, असं त्यांनी मास्तरांना परतीच्या बसमध्ये विचारलं.

जानेवारीत मंडळाची बैठक झाली, नेहमीप्रमाणे बिअरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. मास्तरांच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारे सेडलमायर उठले. सेडलमायर वयाने मास्तरांहून पंधरा वर्षांनी लहान आणि आवाजाने दुप्पट. त्यांनी फोन वर धरला.

"यात सगळं जंगल आहे," ते म्हणाले. "झाडन् झाड. मास्तरांबद्दल मला आदर आहे, मी त्यांच्या हाताखाली शिकलोय. पण मुलांचा मार्ग आता माझ्याकडे द्या. निदान ती आपल्याच गावात पोचतील."

"भूगोलात तुला चार होते," मास्तर म्हणाले. त्या देशात शाळेत एक हा सर्वांत चांगला गुण आणि पाच म्हणजे नापास, तेव्हा चार म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

"चार असूनही मी हुर्काला गेलो नाही," सेडलमायर म्हणाले.

मंडळाच्या अध्यक्षबाई रिशान्कोवा यांनी ग्लास टेबलावर ठेवला. बाई निवृत्त परिचारिका. त्या ग्लास ठेवतात तेव्हा माणसं आपोआप गप्प होतात. "सप्टेंबरचा पहिला शनिवार," त्या म्हणाल्या. "मास्तर, मी तुम्हाला जंगलात एका जागी उभं करीन आणि नकाशावर शिकाऱ्यांचं एक मचाण दाखवीन. मधे अकराशे मीटर जंगल. वाट नाही, झाडांवर रंगाच्या खुणा नाहीत. मचाण गाठलंत तर मुलं तुमची. नाही तर सेडलमायरांची."

घरी येताना मास्तर बर्फातून इतक्या जोरात चालले की पत्नी लिबुशे मागे राहिली. मुलं. दर ऑक्टोबरात ती येतात, त्यांना वारा कुठून येतो ते ओलं बोट वर धरून दाखवायचं, मुंग्यांचं वारूळ दाखवायचं, झाडाच्या बुंध्यावरून उन्हाची बाजू ओळखायला लावायचं. निवृत्तीनंतर वर्षातला हा एक दिवस मास्तर मास्तर असत. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ते चौथ्या मजल्यावरचे हाव्रानेक असत, ज्यांच्याकडे जिन्याची किल्ली असते.

"मला उत्तम होकायंत्र हवं," दारात बूट काढून सपाता घालत ते म्हणाले. "आरशाचं."

"आरसा न्हाणीघरात आहे," लिबुशे म्हणाली.

आता आरशाचं होकायंत्र म्हणजे काय, हे इथे सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याचा आहे. साधं होकायंत्र तळहातावर धरलं की एक तर सुईकडे बघता येतं, नाही तर समोरच्या झाडाकडे. दोन्हीकडे एकदम बघायला माणसाला सरड्याचे डोळे लागतील. आरशाच्या होकायंत्राला झाकण असतं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. झाकण अर्धं उघडून यंत्र डोळ्यांसमोर धरायचं. झाकणाच्या वरच्या खाचेतून लांबचं झाड दिसतं आणि खाली आरशात सुई दिसते. झाड आणि सुई एकाच नजरेत. मग त्या झाडापर्यंत चालायचं, तिथून पुढचं झाड धरायचं. इतकं सोपं आहे, म्हणून तर ते इतकं अवघड जातं.

मास्तर राहत ती इमारत आठ मजल्यांची, सिमेंटच्या तयार पॅनेलांची, पत्त्यांचा बंगला उभा करावा तशी एका उन्हाळ्यात उभी केलेली. तिच्यातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक पुरुषाने तरुणपणी सक्तीची लष्करी सेवा केलेली, त्यामुळे होकायंत्र या विषयावर त्या इमारतीत सत्तावीस तज्ज्ञ होते. सगळ्यांत मोठे तज्ज्ञ शेजारचे इंजिनियर स्कात्सेल. ते तोफखान्यात होते, आणि नंतरची सव्वीस वर्षं हीच पॅनेलं ओतणाऱ्या कारखान्यात.

"मास्तर, स्वस्तातलं घेऊ नका," इंजिनियरसाहेब म्हणाले. "स्वस्तातली सुई नवऱ्यासारखी असते. बोलावलं की वळते, पण जागेवर राहत नाही. आणि घेतल्यावर आधी घरी तपासा. आम्ही तोफखान्यात तपासल्याशिवाय तोफसुद्धा घेत नव्हतो."

हा सल्ला उत्तम होता. त्यातला 'घरी' हा शब्द सोडून.

मास्तर बसने जिल्ह्याच्या गावी गेले. तिथे डोंगरी सामानाचं दुकान आहे. दुकानदारीण इलोनाबाई, चाळिशीच्या, शांत, केस दोरीने बांधलेले. त्यांनी एक यंत्र दिलं. मास्तर ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवून, वर हात दाबून घरी आले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून चर्चचा मनोरा दिसतो. तो घराच्या बरोबर उत्तरेला आहे. मास्तरांनी नकाशावर पट्टी ठेवून हे फार पूर्वीच ठरवलं होतं आणि पाहुण्यांना ते चहाबरोबर सांगत. त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं. सुई हलली, डुलली आणि काकड्यांच्या बरण्यांच्या कपाटाकडे बोट दाखवून थांबली. मनोऱ्यापासून चाळीस अंश उजवीकडे.

मास्तरांनी यंत्र हलवलं. काकड्या. पुन्हा हलवलं. काकड्या.

"भूक लागली असेल तिला," लिबुशे म्हणाली.

मास्तरांनी ते यंत्र झोपायच्या खोलीत नेलं. तिथे सुईने भिंतीपलीकडच्या इंजिनियरसाहेबांच्या न्हाणीघराची दिशा धरली. दुसऱ्याच दिवशी मास्तर दुकानात. तिकडे कायदाच असा आहे की वस्तूबद्दल लेखी तक्रार आली की दुकानदाराला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मास्तरांसारख्या निवृत्त माणसांना हा कायदा फार आवडतो. तक्रारीचा छापील कागद तीन प्रतींत भरायचा: दोषाचं वर्णन, दोष केव्हा लक्षात आला, ग्राहकाची मागणी. दोषाच्या रकान्यात मास्तरांनी शाईने लिहिलं, 'उत्तर दिशा चुकीची.'

इलोनाबाईंनी ते दोनदा वाचलं. "पुरवठादाराकडे पाठवते," त्या म्हणाल्या. "तोवर दुसरं नेता?"

मास्तरांनी दुसरं नेलं. ते जास्त महाग, डबी जाड, सुईचं टोक माणकाच्या खड्यावर टेकलेलं. घरी आल्यावर त्यांनी ते मुद्दाम बैठकीच्या खोलीत ठेवलं, म्हणजे काकड्यांचा प्रश्न नको. या सुईने दूरदर्शन संचाच्या डावीकडचा कोपरा पसंत केला. दुसरी तक्रार. तेवढ्यात पहिल्या तक्रारीचं उत्तर आलं, अठ्ठाविसाव्या दिवशी: 'वस्तू तपासली. दोष आढळला नाही. उत्तर दिशा उत्तरेलाच आहे.' या शेवटच्या वाक्यातला सूर मास्तरांना लागला. चौतीस वर्षं त्यांनी वर्गात हाच सूर लावला होता.

मधेच इंजिनियरसाहेबांच्या शिफारशीवरून त्यांनी इंटरनेटवरून एक मागवलं. ते सहा आठवड्यांनी आलं. त्याची सुई दमलेल्या घोड्यासारखी मान खाली घालून तळाला टेकलेली, जागची हलेना. बारीक अक्षरात वाचलं तेव्हा कळलं, ते दक्षिण गोलार्धासाठी बनवलेलं होतं. मास्तरांना क्षणभर आनंदच झाला. पृथ्वीची चुंबकीय ओढ सुईला सरळ न ओढता खाली झुकवते, आणि जिकडे विकायची तिकडच्या झुकावाप्रमाणे कारखान्यात तिचा तोल साधतात, हे त्यांनी लिबुशेला बटाटा आणि विणकामाची सुई घेऊन सविस्तर दाखवलं.

"म्हणजे आपण ऑस्ट्रेलियात राहत असतो तर हे चाललं असतं," लिबुशे म्हणाली.

"चाललं असतं."

"मग तिकडे तरी काकड्यांकडे वळलं नसतं," ती म्हणाली आणि बटाटा सोलायला घेतला.

तिसरं यंत्र दुकानातून मे महिन्यात आलं. त्याचा आरसा सुंदर होता, लखलखीत. खाचेतून बघायचा सराव हवा म्हणून मास्तर रोज सकाळी गच्चीत उभे राहून समोरच्या इमारतीच्या धुराड्यावर नेम धरत. चार दिवसांत खालच्या दाराशी सूचना लागली: 'क्रमांक चौदामधील कोणी इसम आरशाने समोरच्या बायकांच्या खिडकीत उजेड पाडतो. त्याने लाज बाळगावी.' मास्तरांनी ती वाचली, मान हलवली आणि शेजारी उभ्या बाईंना म्हणाले, "काय काय लोक असतात." नंतर दोन दिवस ते जिन्यात कोणाला दिसले नाहीत.

तिसऱ्या यंत्राची सुई न्हाणीघराकडे वळली तेव्हा मास्तरांनी इंजिनियरसाहेबांना बोलावलं. दोघे टेबलाशी बसले. इंजिनियरसाहेबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या घरात लोखंड आहे."

आता हाच धडा मास्तरांनी चौथीच्या वर्गाला दरवर्षी दिला होता. होकायंत्राजवळ चाकू ठेवू नका, किल्ल्या ठेवू नका, पट्ट्याचं बक्कल लांब ठेवा. त्यांना स्वतःचीच शरम वाटली. "आजच काढतो," ते म्हणाले.

त्या दिवशी घरातून लोखंड निघालं. आधी चमचे, काटे, सुऱ्या. मग तवे. मग इस्त्री. मग लिबुशेच्या विणकामाच्या सुया, मास्तरांची कुऱ्हाड, मशरूम वाळवायच्या जाळ्या. सगळं टोपल्यांत भरून इंजिनियरसाहेबांच्या घरी गेलं. सुई हलेना. शेवटी दोघांनी मिळून फ्रिज बाहेर, मजल्याच्या सामायिक व्हरांड्यात ढकलला.

"आतलं?" लिबुशेने विचारलं.

"पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे," मास्तर म्हणाले.

पंधरा मिनिटांची पस्तीस झाली, कारण सुई आता बैठकीच्या खोलीत दाराकडे वळत होती आणि दोघांचा वाद पेटला होता की ती फ्रिजमागे गेली की उत्तरेमागे. इंजिनियरसाहेबांनी फ्रिज आणखी लांब, जिन्यापाशी नेऊन ठेवला.

त्या इमारतीत एक जुनी रीत आहे. जिन्यापाशी ठेवलेली वस्तू म्हणजे नको असलेली वस्तू. लागेल त्याने न विचारता न्यावी. विचारलं तर देणाऱ्याला संकोच होतो. मास्तरांनी स्वतः असा एक दिवा आणि अर्धी शिडी उचललेली होती. तर संध्याकाळी दार उघडून पाहतात तो जिन्यापाशी पुसलेल्या ओल्या फरशीत फक्त चौकोनी कोरडी जागा.

"आत गुलाशाचं पातेलं होतं," लिबुशे म्हणाली. ती ओरडली नाही, हेच वाईट होतं.

फ्रिज सेडलमायरांनी नेला होता. गाडीमागे छोटी ट्रॉली लावून थेट वीस किलोमीटरवरच्या आपल्या सुट्टीच्या खोपटात. फोन केला तेव्हा ते जेवत होते.

"मास्तर, मला वाटलं टाकलाय. चांगला चालतो की," ते म्हणाले. "गुलाश वहिनींनी केलंय ना? जरा तिखट आहे, पण छान."

"फ्रिज परत आण."

"आणतो, आणतो. पण मला सांगा, बाहेर काढलात कशाला?"

खरं सांगितलं असतं तर उद्या सगळ्या मंडळात झालं असतं. "मागची धूळ काढायला," ते म्हणाले.

"चार तास?"

"खूप धूळ होती."

फ्रिज रविवारी परत आला. पण तोवर इमारतीच्या समितीचं पत्रही आलं होतं, की आगीच्या वेळी बाहेर पडायच्या मार्गात जड वस्तू ठेवल्याबद्दल हाव्रानेक यांनी लेखी खुलासा करावा. मास्तरांनी खुलासा दोन पानी लिहिला. त्यात चुंबकत्वाचा इतिहास होता. समितीने तो नस्तीत लावला आणि खाली शेरा मारला, 'वाचून समाधान झाले नाही, पण माहिती मिळाली.'

ऑगस्ट निम्मा सरला. परीक्षेला तीन आठवडे. मास्तरांनी शेवटचं हत्यार काढलं. आपल्या घराचा मोजून नकाशा काढला: स्वयंपाकघर, बैठक, झोपायची खोली, न्हाणीघर. प्रत्येक खोलीत लाल शाईने बाण, तिथली सुई जिकडे वळते तिकडे. आणि मधोमध काळ्या शाईत खरी उत्तर, मनोऱ्याच्या दिशेची. तो नकाशा तिसऱ्या तक्रारीला जोडून त्यांनी इलोनाबाईंपुढे ठेवला.

"एका घरात चार उत्तर दिशा," ते म्हणाले. "तुमच्या पुरवठादाराने याचं उत्तर द्यावं."

इलोनाबाई नकाशाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, "ही भिंत किती जाड आहे?"

"पंधरा सेंटीमीटर. का?"

"कशाची?"

"पॅनेलची. सिमेंटच्या."

"मीही पॅनेलच्याच घरात राहते," इलोनाबाई म्हणाल्या. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, दारावर 'दहा मिनिटांत येते' अशी पाटी लावली, परत आलेली तिन्ही यंत्रं डब्यात घेतली आणि मास्तरांना बसस्थानकामागच्या कुरणात घेऊन गेल्या. गाड्यांपासून, कुंपणापासून लांब. गवतात त्यांनी तिन्ही यंत्रं चार-चार पावलांवर ठेवली. "आता बघा."

मास्तर गुडघ्यांवर बसले. पहिली सुई डुलली आणि थांबली. ते दुसरीकडे गेले. मग तिसरीकडे. मग परत पहिलीकडे. तिन्ही सुया एकाच बाजूला बघत होत्या, शाळेतल्या शहाण्या मुलींसारख्या.

वाऱ्याने गवत हललं. मास्तर उठले नाहीत.

"भिंतीत सळया असतात," इलोनाबाई हळूच म्हणाल्या. "जमिनीत, छतात, सगळीकडे. तुमचं सगळं घरच पिंजरा आहे लोखंडाचा."

"मी फ्रिज बाहेर काढला होता," मास्तर म्हणाले.

इलोनाबाई हसल्या नाहीत. हसू आलं तेव्हा त्यांनी वाकून बुटाची नाडी बांधली. यासाठी मास्तरांनी त्यांना मनातून एक गुण दिला, म्हणजे सर्वोत्तम.

"बरं, आता निवडू या," नाडी बांधून झाल्यावर त्या म्हणाल्या. "आधी सुईला हेलकावा द्या आणि मोजा. चार मोजेपर्यंत थांबली पाहिजे, पण धाडकन नाही. डबीतल्या तेलात बुडबुडा आहे का बघा. आता झाकण अर्धं उघडून सोडा. जिथे सोडाल तिथेच राहिलं पाहिजे. पडत असेल तर जंगलात तुमचा नेमही पडेल. आणि आता हात लांब करून, याच चष्म्याने, आकडे वाचा."

सगळ्यांत महागड्यावरचे आकडे मास्तरांना मुंगीच्या पायांसारखे दिसले. लखलखीत आरशाचं झाकण तीन वेळा सोडलं, तीन वेळा पडलं. पहिलं, काकड्यांकडे बघणारं, साधं होतं. आकडे ठळक, झाकण घट्ट, आरशाच्या मधोमध एक स्वच्छ रेघ.

"हेच," मास्तर म्हणाले.

"जानेवारीत मी हेच दिलं होतं," इलोनाबाई म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेवा. आरशात आपला चेहरा दिसतो, त्याच्याकडे बघायचं नाही. रेघेकडे बघायचं."

तक्रारी मागे घ्यायलाही छापील कागद असतो. त्यात रकाना होता: 'तक्रार मागे घेण्याचे कारण.' मास्तरांनी लिहिलं, 'परिस्थिती बदलली.' मग ते खोडलं. लिहिलं, 'पुनर्विचारांती.' तेही खोडलं. शेवटी, पेन दोनदा झटकून, लिहिलं: 'तक्रारदार सिमेंटच्या घरात राहतो आणि हे त्याच्या ध्यानात नव्हते.' तीन प्रती. तिन्ही प्रतींवर सही.

इंजिनियरसाहेबांना त्यांनी संध्याकाळी सांगितलं. इंजिनियरसाहेब बराच वेळ आपल्याच भिंतीकडे पाहत बसले.

"एका पॅनेलात सत्तावीस किलो सळई," ते शेवटी म्हणाले. "मी स्वतः मोजून टाकायचो. मास्तर, तुम्ही मला विचारायचं ना."

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी बारीक पाऊस होता. जंगलातल्या एका चौफुलीवर अध्यक्षबाईंनी नकाशा दाखवला, आणि छत्री उघडली. मागे सेडलमायर, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत. मास्तरांनी नकाशावर यंत्राची कड ठेवून दिशाकोन काढला, डोळ्यांसमोर यंत्र धरलं, खाचेतून एक वाकडं फरचं झाड पकडलं आणि चालू लागले. झाडापाशी पोचले. पुढचं झाड धरलं. त्यांच्या मागे बाईंची छत्री फांद्यांत अडकत होती आणि सेडलमायर दर शंभर पावलांवर "हं" म्हणत होते. हा "हं" काय सांगतो ते कळत नव्हतं, आणि तो त्यासाठीच होता.

निम्म्या वाटेवर दलदल लागली. काळं पाणी, वर हिरवं शेवाळ. मास्तरांनी ती डावीकडून वळसा घालून ओलांडली आणि पलीकडे पुन्हा झाड धरलं. पुढे अर्धा तास झाड, चालणं, झाड. मग उजेड वाढला, जंगल संपलं आणि समोर कापलेल्या मक्याचं शेत आलं. जंगलाच्या कडेला मचाण असायला हवं होतं.

मचाण नव्हतं.

सेडलमायर या वेळी "हं" म्हणाले नाहीत. त्यांनी पिशवीतल्या फोनकडे बघितलं आणि गाल आत ओढून घेतले.

मास्तरांच्या तोंडात वाक्य तयार होतं. शिकारी मचाणं हलवतात. दर दोन-तीन वर्षांनी हलवतात, सगळ्यांना माहीत आहे. नकाशा जुना आहे. वाक्य चांगलं होतं, सिद्ध करायला कोणाला जमलं नसतं, आणि चौतीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडून ते खरंच वाटलं असतं. त्यांनी यंत्र पुन्हा उघडलं. आरशात पावसाने भिजलेला एक म्हातारा होता. त्यांनी रेघेकडे बघितलं. रेघ बरोबर होती. म्हणजे चूक पायांची होती.

"मी चुकलोय," मास्तर म्हणाले.

सेडलमायरांनी फोनवरून मान वर केली.

"दलदलीला मी डावीकडून वळसा घातला," ते म्हणाले, आणि आवाज आपोआप वर्गातला झाला, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "जितका डावीकडे गेलो तितकं परत उजवीकडे यायला हवं होतं. मी ते मोजलं नाही. नुसतं समोर बघून चाललो. म्हणजे मचाण उजवीकडे असणार. फार लांब नाही. चला, बघू या."

ते कडेकडेने उजवीकडे चालले आणि मोठ्याने पावलं मोजू लागले. साठाव्या पावलाला झुडपामागून मचाणाची शिडी दिसली.

"साठ पावलं," सेडलमायर लगेच म्हणाले. "बाई, ठरलं होतं मचाण. मचाणाच्या आसपास नाही."

"हो," मास्तर म्हणाले. "साठ पावलं चुकलो. बरोबर आहे याचं."

अध्यक्षबाईंनी छत्री मिटली, झटकली. "मास्तर, एक विचारते. गेल्या वर्षी चुकलोय हे तुम्हाला केव्हा कळलं?"

मास्तर मक्याच्या धाटांकडे बघत म्हणाले, "ओढा ओलांडला तेव्हा."

"म्हणजे हुर्काच्या दीड तास आधी."

"हो."

"आणि बोलला नाहीत."

"मुलं बघत होती, बाई. वाटलं, मास्तर चुकले हे त्यांना कळलं तर घाबरतील." त्यांनी यंत्राचं झाकण मिटलं. "घाबरली नसती. मीच घाबरलो होतो."

"ती बावीस जणं तुमच्या मागे दीड तास चुकीच्या बाजूला चालली," बाई म्हणाल्या. "वाट चुकण्याचं मला काही नाही. मी रुग्णालयात चाळीस वर्षं काढली. तिथे चुकणारा माणूस चालतो, पण न सांगणारा चालत नाही." त्या सेडलमायरांकडे वळल्या. "तुमचा फोन बरोबर आहे, मला माहीत आहे. पण मघाशी मास्तर थांबले तेव्हा तुम्हाला मचाण कुठे आहे ते दिसत होतं, आणि तुम्ही गालात हसत होतात. मुलांबरोबर तुम्ही मागे चाला. शेवटचं मूल कुठे आहे ते बघायला कोणीतरी हवंच."

सेडलमायरांनी फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "मास्तर, तो वळसा मोजायचा कसा, ते मलाही दाखवा एकदा."

"आत्ताच दाखवतो," मास्तर म्हणाले. आणि तिघं परत दलदलीपाशी गेली, आणि मास्तरांनी दाखवलं: काटकोनात डावीकडे इतकी पावलं, पुढे, आणि मग तितकीच उजवीकडे. सेडलमायरांना दुसऱ्यांदा जमलं. बाईंना पहिल्यांदाच.

संध्याकाळी घरी आल्यावर मास्तरांनी चिखलाचे बूट वर्तमानपत्रावर ठेवले. लिबुशे बुख्तीत, म्हणजे भाजायच्या गोड पावांत, मुरंबा भरत होती. तिने मागे न बघताच विचारलं, "काय झालं?"

"साठ पावलं चुकलो."

तिचा चमचा थांबला. "मग?"

"मग मुलं मला दिली."

लिबुशे वळली आणि त्यांच्याकडे नीट बघू लागली. "बरं," ती सावकाश म्हणाली. "मग ते साठ पावलांचं कोणाला सांगायचं नाही ना?"

"छे," मास्तर सपाता घालत म्हणाले. "खालून वर येईपर्यंत सहा जणांना सांगून झालं."